पोरं, बॅगा आणि बोट: पहिल्या क्रूझआधी काय काय बघून ठेवायचं

लहान पोरांना घेऊन क्रूझला जातोय म्हटलं की सगळे दोनच गोष्टी विचारतात, बोट लागणार नाही ना आणि पोरगं रेलिंगवर चढणार नाही ना. दोन्ही प्रश्न बरोबरच आहेत, त्यावर पुढे लिहिलंय. पण आम्ही पहिल्यांदा गेलो तेव्हा मोठी साडेचार वर्षांची आणि धाकटा चौदा महिन्यांचा होता, आणि जे जे काही आमचं फसलं ते लाटांमुळे नाही की रेलिंगमुळे नाही, ते फसलं बुकिंग करताना न विचारलेल्या चार प्रश्नांमुळे आणि चढायच्या-उतरायच्या दोन दिवसांमुळे. मधले दिवस बोट बऱ्यापैकी सांभाळून घेते. म्हणून मी जास्त त्या कडेच्या गोष्टींवरच लिहिणार आहे.

पैसे भरायच्या आधी

पहिला प्रश्न बाळाच्या वयाचा. बहुतेक मोठ्या कंपन्या ६ महिन्यांच्या आतलं बाळ घेतच नाहीत. समुद्र ओलांडून जाणारी लांबची सफर असेल किंवा सलग तीन-तीन दिवस कुठेच न थांबता जायचं असेल तर हीच अट १२ महिन्यांची होते. याचं कारण साधं आहे, बोटीवर दवाखाना असतो पण तो छोटा असतो आणि मधल्या समुद्रातून आजारी बाळाला उचलून मोठ्या हॉस्पिटलात नेणं सोपं नसतं. वय मोजतात ते निघायच्या दिवशीचं, बुकिंगच्या दिवशीचं नाही. आणि घरात कुणी प्रेग्नंट असेल तर तेही आत्ताच बघा, साधारणपणे सफरीत कधीही २४ वा आठवडा लागत असेल तर चढू देत नाहीत.

दुसरं म्हणजे बाळ मांडीवर बसणार असलं तरी बोटीच्या हिशोबात तो एक पूर्ण प्रवासी असतो, कारण लाइफबोटीत त्याची जागा धरावी लागते. त्यामुळे कधीकधी असं होतं की चार जणांच्या केबिन रिकाम्या दिसतात पण कंपनी म्हणते चौघांना देता येणार नाही, कारण त्या भागातल्या लाइफबोटींची माणसं भरलेली असतात. तेव्हा "दोघांचं बुक करून ठेवू, बाळाचं नाव नंतर घालू" असं अजिबात करू नका, पहिल्या दिवसापासून सगळी नावं घाला.

तिसरा प्रश्न किड्स क्लबचा, म्हणजे पोरांना खेळायला सोडायच्या जागेचा, आणि इथे आम्ही साफ आपटलो. जाहिरातीत मुलांचे हसरे फोटो असतात आणि आपण धरून चालतो की आपली दोन्ही तिथे जाणार. पण बऱ्याच बोटींवर क्लब सुरू होतो ३ वर्षांपासून आणि तेही डायपर पूर्ण सुटलेलं असेल तरच. कार्निव्हल या क्रूझ कंपनीवाले २ वर्षांपासून घेतात. डिस्नेच्या बोटींवर आणि रॉयल कॅरिबियनच्या बऱ्याच बोटींवर ६ महिन्यांपासूनच्या बाळांसाठी नर्सरी आहे पण तिचे पैसे तासावर वेगळे लागतात आणि जागा मोजक्या असतात, त्या भराभर संपतात. आमच्या बोटीवर नर्सरी नव्हती, मी विचारलंच नव्हतं, त्यामुळे मोठी क्लबमध्ये मजेत आणि आम्ही दोघं आळीपाळीने धाकट्याच्या मागे. पोटी ट्रेनिंग चालू असेल तर हेही कळून घ्या की बहुतेक क्लबच्या ताया डायपर बदलत नाहीत, तुम्हाला बोलावतात, आणि नेमकं तुम्ही जेवायला बसल्यावर बोलावतात.

चौथा प्रश्न पाण्याचा. डायपर घालणारं मूल बोटीवरच्या पूलमध्ये चालत नाही, स्विम डायपर घातला तरी नाही. अमेरिकेच्या बंदरांत जाणाऱ्या बोटींना तिथल्या सीडीसी या सरकारी आरोग्य संस्थेचा स्वच्छतेचा कार्यक्रम लागू असतो आणि त्यात हे अगदी स्पष्ट आहे, बाकी ठिकाणीही नियम साधारण असाच असतो. काही बोटींवर डायपरवाल्या बाळांसाठी कारंजी असलेला वेगळा छोटा कोपरा असतो, त्याचं पाणी वेगळं गाळलेलं असतं. तो आहे की नाही हे बुकिंगच्या आधी विचारा. नसेल तर फुगवायचा छोटा टब न्या, केबिनच्या शॉवरमध्ये बसतो का ते मात्र मापून, तो अंघोळीलाही कामी येतो कारण बाथटब बहुतेक केबिनमध्ये नसतोच, नुसता शॉवर असतो.

दिवस किती घ्यायचे यावर सगळे म्हणतात पहिल्यांदा दोन-तीन रात्रींचीच घ्या, आवडलं तर मोठी. मला ते पटत नाही. पहिला दिवस चढण्यात जातो, शेवटचा उतरण्यात, आणि मधे पोराला केबिन आपली वाटायला लागते तोवर बॅगा भरायच्या. चार-पाच रात्री घ्या आणि त्यात एक तरी दिवस नुसता समुद्रावरचा असू द्या.

केबिन

बोट म्हणजे सी-सॉ समजा. टोकाला बसलेला जास्त वर-खाली होतो, मधला कमी. म्हणून लांबीच्या मधोमध आणि खालच्या डेकवर केबिन घेतली तर हलणं कमी जाणवतं. डेक प्लॅन, म्हणजे बोटीच्या मजल्यांचा नकाशा, उघडून केबिनच्या वर काय आणि खाली काय हे बघा. वर पूल डेक असेल तर पहाटेपासून खुर्च्या ओढल्याचे आवाज, खाली थिएटर असेल तर रात्री ढोल-ताशा. वर केबिन आणि खालीही केबिन, अशी जागा सगळ्यात शांत.

बाल्कनी घ्यावी की नाही यावर आमच्या घरात भांडण झालं होतं. सासूबाई म्हणत होत्या नकोच, जिवाला घोर. मी घेतली आणि मला तरी पश्चात्ताप नाही झाला, कारण धाकटा दुपारी एक ते तीन झोपायचा आणि तेवढा वेळ बाहेर बसून चहा पिता आला, नाहीतर अंधाऱ्या खोलीत दोघांनी मोबाइलकडे बघत बसायचं. पण मग शिस्त पाळायची. दाराला मुलाच्या हाताला न येणारी वरची कडी असते का ते गेल्या गेल्या बघा, बाल्कनीतली खुर्ची-टेबल रेलिंगजवळ कधीच ठेवायचं नाही आणि पोर एकटं बाहेर एक मिनिटही नाही. अजून एक, बाल्कनीचं दार आणि केबिनचं दार एकाच वेळी उघडं ठेवू नका, असा वारा खेचला जातो की दार धाडकन आपटतं, बोटं सापडली तर काय होईल सांगायला नको. ज्यांचं मूल नुकतंच सगळ्यावर चढायला शिकलंय आणि ऐकण्याच्या वयाचं नाहीये त्यांनी खिडकीवाली केबिन घ्यावी, खिडकी उघडतच नाही त्यामुळे निवांत. आतली बिनखिडकीची केबिन स्वस्त असते आणि दिवे बंद केले की भर दुपारी मिट्ट काळोख, झोपेला एकदम भारी, फक्त बारका नाइट लॅम्प न्या.

बाळासाठी पाळणा लागणार असेल तर आधीच सांगून ठेवा, बहुतेक कंपन्या वेगळे पैसे घेत नाहीत पण संख्या मर्यादित असते. पाळणा आला की चालायला जागा उरत नाही हे मात्र गृहीत धरा. स्ट्रोलर घडी होणारा, अरुंद असाच न्या. केबिनचं दार अरुंद असतं आणि बाहेर कॉरिडॉरमध्ये ठेवू देत नाहीत, आग लागली तर तीच सगळ्यांची पळायची वाट असते.

केबिनच्या भिंती बहुतेक करून लोखंडी असतात, म्हणून चुंबकाचे हुक नेले की ओले कपडे, टोप्या, पिशव्या सगळं लटकवता येतं. दाराला बाहेरून एखादं चित्राचं मॅग्नेट लावा. कॉरिडॉर लांबच्या लांब आणि सगळी दारं एकसारखी, मोठी बेडकाचं चित्र बघून आपलं दार ओळखायची. चार्जिंगसाठी सर्ज प्रोटेक्टरवाला एक्स्टेंशन बोर्ड नेऊ नका, आगीच्या धोक्यामुळे चेकिंगला काढून घेतात, इस्त्री आणि किटलीचंही तसंच. बाटल्यांसाठी गरम पाणी मागवलं की आणून देतात.

आणि टॉयलेट! हे कुणी सांगत नाही. बोटीवरचं फ्लश विमानासारखं हवेने ओढणारं असतं, आवाज असा येतो की मोठी पहिल्यांदा किंचाळतच बाहेर आली आणि पुढचा अख्खा दिवस जायला तयार नव्हती. आधी सांगून ठेवा, पोराला बाहेर पाठवा, झाकण लावा, मग बटण दाबा.

कागद आणि औषधं

पासपोर्ट प्रत्येकाचा, बाळाचासुद्धा. व्हिसा बघताना नुसता जिथून चढायचं त्या देशाचा बघून थांबू नका, वाटेत जे जे देश लागतात त्या सगळ्यांचे नियम बघा, खाली उतरणार नसलात तरी काही ठिकाणी व्हिसा लागतो आणि कागद कमी असला तर पहिल्याच दिवशी धक्क्यावरून परत पाठवतात. आई किंवा बाबा एकटेच मुलांना नेत असतील, किंवा आजी-आजोबा नेत असतील, तर बाकीच्या पालकांचं संमतीपत्र नोटरी करून जवळ ठेवा. इन्शुरन्स घेताना त्यात बोटीवरून हॉस्पिटलला हलवायचा खर्च धरलाय का एवढं नक्की वाचा, मोठा खर्च तोच असतो.

बोटीवर डॉक्टर असतात पण ते लहान मुलांचेच डॉक्टर असतील असं नाही, आणि प्रत्येक तपासणीचं बिल होतं. त्यामुळे तापाचं औषध, ओआरएस, थर्मामीटर, नेहमीची औषधं घरूनच. डोस मुलाच्या वजनाप्रमाणे डॉक्टरांकडून लिहून घ्या, रात्री दोनला हलत्या खोलीत गणित सुचत नाही.

बोट लागण्याबद्दल. आतल्या कानाला कळतं आपण हलतोय आणि डोळ्याला केबिनची भिंत स्थिर दिसते, या गोंधळातून मळमळ होते. २ वर्षांच्या आतल्या बाळांना हा त्रास सहसा होत नाही, २ ते १२ वर्षांच्या मुलांना सगळ्यात जास्त होतो. लहान मुलं "मळमळतंय" असं म्हणत नाहीत, ती गप्प होतात, जांभया देतात, पांढरी पडतात, पोट दुखतंय म्हणतात. असं दिसलं की हातातला मोबाइल काढून घ्या, उघड्या डेकवर बोटीच्या मध्यभागी न्या, लांब क्षितिजाकडे बघायला लावा, थोडं थोडं कोरडं खायला द्या. कानामागे लावायचा पॅच मोठ्यांचा असतो, मुलांना लावू नका. गोळ्या-सिरपही बरीचशी २ वर्षांखाली चालत नाहीत, आणि त्यावरच्या काही मुलांना ती औषधं देऊन झोप येण्याऐवजी उलट चेव चढतो, म्हणून डॉक्टरांना विचारून घरी असतानाच एकदा देऊन बघा. मोठ्या बोटींना पाण्याखाली दोन्ही बाजूंना पंखांसारखे स्टॅबिलायझर असतात, ते डावी-उजवी डोलणं बरंच कमी करतात, तरी खराब हवेत बोट हलतेच. आमच्या मोठीला काही झालं नाही, नवरा आडवा.

चढायचा दिवस

विमानाने जात असाल तर आदल्या दिवशीच त्या शहरात पोचा. विमान लेट झालं तर बोट थांबत नाही.

धक्क्यावर मोठ्या बॅगा हमाल घेतात आणि त्या केबिनपर्यंत यायला संध्याकाळ होते, कधी जेवून आलं तरी आलेल्या नसतात. केबिनसुद्धा दुपारीच ताब्यात मिळते. म्हणजे सकाळी अकराला चढलात तर चार-पाच तास तुमच्याकडे फक्त हातातली पिशवी असते, आणि समोर निळाशार पूल, आणि पोरीचा स्विमसूट बॅगेत, आणि बॅग बोटीच्या पोटात कुठेतरी. आमचा तो पहिला दिवस पूलच्या कडेला रडण्यात गेला. म्हणून हातातल्या पिशवीत पोहायचे कपडे, दिवसभराचे डायपर आणि वर चार जास्त, दूध, औषधं, सगळे कागद, एक जोडी बदलायचे कपडे आणि झोपताना लागणारं जे काही ससा-अस्वल-गोधडी असेल ते. शेवटचं विसरलात तर रात्र तुमची.

चढल्यावर सगळे आधी बुफेकडे पळतात. तुम्ही आधी किड्स क्लबकडे जा, पहिल्या दिवशी तिथे नावनोंदणी असते आणि पालकांना आत जाऊन बघता येतं, मूल तुमच्यासोबत एकदा फिरून आलं की दुसऱ्या दिवशी एकटं सोडताना कमी रडतं. अॅलर्जी, सवयी, कोण न्यायला येणार सगळं तिथेच लिहून द्या.

मग सेफ्टी ड्रिल, म्हणजे संकटात कुठे जमायचं त्याची तालीम. हे चुकवता येत नाही आणि चुकवूही नका. जानेवारी २०१२ मध्ये इटलीच्या किनाऱ्याजवळ कोस्टा कॉनकॉर्डिया ही क्रूझ बोट आडवी झाली, ३२ माणसं गेली, आणि नुकत्याच चढलेल्या बऱ्याच लोकांचं ड्रिल झालेलंच नव्हतं, कारण तेव्हा २४ तासांत कधीही केलं तरी चालायचं. आता ते बोट सुटायच्या आधी किंवा सुटता सुटताच करावं लागतं. हल्ली बऱ्याच ठिकाणी व्हिडिओ बघून आपल्या ठरलेल्या जागी जाऊन हजेरी द्यायची असते, दहा मिनिटांचं काम. धोक्याचा इशारा म्हणजे सात छोटे भोंगे आणि एक लांब. पोरांना तो आवाज आधी तोंडाने काढून दाखवा, खेळ होतो आणि खरा वाजला की घाबरत नाहीत. लहान मापाची लाइफ जॅकेट, बाळाचंही, मागून घ्या, केबिनमध्ये कधीकधी मोठ्यांचीच असतात. मुलांच्या मनगटाला पट्टी बांधतात, त्यावर त्यांनी कुठे जमायचं ते लिहिलेलं असतं, म्हणजे मूल क्लबमध्ये असताना काही झालं तर स्टाफ त्याला थेट तिथे आणतो. ती पट्टी टोचते म्हणून काढून टाकू नका.

मधले दिवस

इथे फार सांगण्यासारखं नाही, झोपेची वेळ सांभाळा आणि कार्यक्रमपत्रिकेतलं निम्मं सोडून द्या. आम्ही पहिले दोन दिवस सगळं करायला गेलो, दोन्ही पोरं चिडचिडी, तिसऱ्या दिवशी काहीच ठरवलं नाही आणि तोच बेस्ट दिवस. रात्रीच्या जेवणाची लवकरची वेळ घ्या, उशिराच्या वेळेत पोर ताटातच झोपतं. वेटरला पहिल्याच दिवशी सांगा की मुलांचं आधी आणा, मग रोज न सांगता आणतात.

हात साबणाने धुवायचे, प्रत्येक वेळी. बोटींवर जुलाब-उलट्यांची साथ बहुतेक नोरोव्हायरसची असते आणि त्यावर सॅनिटायझर फारसा चालत नाही. बुफेच्या दारात सॅनिटायझर असतोच, त्याच्या भरवशावर राहू नका. आणि मुलाला उलट्या होत असतील तर लपवून क्लबमध्ये सोडू नका, प्लीज.

पूलवर लाइफगार्ड असेलच असं धरू नका, बऱ्याच बोटींवर नसतो. दोघांपैकी आत्ता कोण बघतंय हे तोंडाने बोलून ठरवा, "मला वाटलं तू बघतोयस" हे पाण्याजवळ चालत नाही.

बंदरात बोट लागते तेव्हा सगळे उतरतात आणि बोट रिकामी होते. एखाद्या बंदराला तुम्ही उतरूच नका, पूल, स्लाइड, लिफ्ट सगळं तुमचंच. उतरणार असाल तर बोट धक्क्याला लागणार की छोट्या बोटीतून न्यायचं आहे ते विचारा. छोट्या बोटीत स्ट्रोलर घडी करून बाळ कडेवर घ्यावं लागतं, अशा दिवशी बाळ अंगाला बांधायचा कॅरियर बरा पडतो, शिवाय लाटा जास्त असल्या की ते बंदर रद्दच होतं. घड्याळ बोटीच्या वेळेवर ठेवा, मोबाइल आपोआप किनाऱ्याची वेळ धरतो आणि तासाचा घोळ होतो. कंपनीची सहल घेतली आणि ती उशिरा आली तर बोट थांबते, तुम्ही स्वतः टॅक्सी करून गेलात तर नाही. समुद्रावर मोबाइल एअरप्लेन मोडवर टाका, बोटीचं स्वतःचं नेटवर्क धरलं तर बिल बघून घाम फुटतो.

उतरायची आदली रात्र

त्या रात्री मोठ्या बॅगा टॅग लावून केबिनबाहेर ठेवायच्या असतात, रात्रीत त्या गोळा होतात आणि सकाळी धक्क्यावर मिळतात. नवऱ्याने उत्साहात सगळं भरून बाहेर ठेवलं, अकराला धाकटा उठला, आणि दुधाची पावडर बॅगेत. कॉरिडॉरमध्ये धावत गेलो तर सगळ्या बॅगा गेलेल्या. स्टाफने बिचाऱ्याने कुठूनतरी गरम दूध आणून दिलं, धाकट्याने ते भिंतीवर फेकलं.

तर सकाळचे कपडे, चपला, दूध, डायपर, पासपोर्ट हे आधी बाजूला काढून पलंगावर ठेवायचं आणि मग बॅग बंद करायची. किंवा बॅगा कमी असतील तर आपल्या आपण उचलून उतरायची सोय असते, ती घ्या, आम्ही आता तेच करतो. बिलही रात्रीच बघून घ्या, काही चुकलं असेल तर सकाळी काउंटरवर लांब रांग असते. केबिन लवकर सोडावी लागते आणि मग बोलावेपर्यंत पोरांना घेऊन कुठेतरी बसून राहायचं असतं, त्या वेळासाठी खाऊ आणि एखादं न वापरलेलं स्टिकरचं पुस्तक लपवून ठेवा. परतीचं विमान दुपारनंतरचंच घ्या. घरी आल्यावर एक-दोन दिवस जमीन हलल्यासारखी वाटते, पोरांनाही वाटते, ती काही आजारी नसतात. आमच्या मोठीने तर अंघोळीला जाताना विचारलं, आई आता इथलं फ्लश पण ओरडणार का?